पंचेंद्रियांची बाग: सेन्सरी गार्डन रुग्णांना कशी उपयोगी पडते?

"डॉक्टर, आईला आता काही समजतच नाही. मग तिला बागेत नेऊन काय उपयोग?"

स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या मुलामुलींकडून हा प्रश्न नेहमी ऐकायला मिळतो. घरचे चित्र साधारण सारखेच असते. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, दिवसभर चालू असलेला टीव्ही आणि खुर्चीत बसून असलेली आई. औषधे वेळेवर दिली जातात, जेवणाची आबाळ नसते. पण सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्या नाकाला, कानाला आणि बोटांना नवे असे काहीच मिळत नाही.

समजणे आणि जाणवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाचे नाव आठवत नसले तरी ऊन पाठीवर आले की बरे वाटते. मोगऱ्याचे नाव सांगता आले नाही तरी फूल हातात घ्यावेसे वाटते. सेन्सरी गार्डनची कल्पना याच गोष्टीवर उभी आहे. अशी बाग म्हणजे काय, तिचा कोणाला किती फायदा होतो, काय सांभाळावे लागते आणि जवळपास अशी बाग नसेल तर काय करता येते, हे या लेखात पाहू.

सेन्सरी गार्डन म्हणजे काय?

आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक उद्याने डोळ्यांसाठी तयार केलेली असतात. हिरवळ, कारंजे, फुलांचे ताटवे आणि बाजूला "झाडांना हात लावू नये" अशी पाटी. सेन्सरी गार्डनमध्ये नेमके उलटे असते. तिथे हात लावावा, वास घ्यावा, कान द्यावा अशीच अपेक्षा असते. दृष्टी, गंध, स्पर्श, श्रवण आणि चव या पाचही इंद्रियांना काहीतरी मिळेल अशा रीतीने झाडे, वाटा, पाणी आणि बसण्याच्या जागा ठरवलेल्या असतात. एखादे इंद्रिय कमजोर झाले असेल, तरी बाकीच्या इंद्रियांच्या आधारे बाग अनुभवता यावी हा तिचा हेतू असतो.

ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन बोटॅनिक गार्डनमध्ये १९५५ साली सुगंधी वनस्पतींची एक बाग तयार झाली. ॲलिस रेकनेगल आयरिस या उद्यानरचनाकार महिलेने ती दृष्टिहीन व्यक्तींसाठी आखली होती. वाफे जमिनीपासून उंच बांधलेले, त्यामुळे उभ्याने किंवा व्हीलचेअरवर बसूनही पानांपर्यंत हात पोहोचतो. झाडांची नावे ब्रेलमध्ये लिहिलेली आहेत.

सिंगापूरने हा विचार शहराच्या नियोजनातच आणला. २०१६ साली तिथल्या हॉर्टपार्कमध्ये ज्येष्ठ नागरिक आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून उपचारात्मक बाग सुरू झाली. सुगंधी वनस्पती, रंग आणि पोत, खाण्याजोग्या व औषधी वनस्पती असे तिचे वेगवेगळे भाग आहेत. २०३० पर्यंत शहरभर अशा ३० बागा करण्याचे तिथले उद्दिष्ट आहे.

भारतात दिल्लीचे 'गार्डन ऑफ फाइव्ह सेन्सेस' प्रसिद्ध आहे. सैद-उल-अजैब परिसरातील सुमारे २० एकरांचे हे उद्यान २००३ साली खुले झाले. मात्र ते सर्वांसाठीचे फिरण्याचे ठिकाण आहे, रुग्णांसाठी खास आखलेली बाग नव्हे. हा फरक लक्षात ठेवा. नाव 'सेन्सरी' आहे म्हणून ती जागा तुमच्या रुग्णासाठी सोयीची असेलच असे नाही. आणि नाव साधे असले तरी एखादी छोटी, शांत, सावलीची बाग अगदी योग्य ठरू शकते.

शरीरात नेमके काय होते?

गंध: डोळ्यांचे आणि कानांचे संदेश मेंदूतील थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. वासाचे संदेश मात्र या केंद्राला वळसा घालून भावना आणि आठवणी यांच्याशी संबंधित भागांपर्यंत पोहोचतात. म्हणूनच पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला की शब्द सुचण्याआधी गावचे अंगण डोळ्यांसमोर येते.

स्पर्श: पान चुरगळणे, माती कालवणे, शेंगा सोलणे यांत बोटांच्या बारीक हालचाली होतात आणि लक्ष हातावर टिकते. पक्षाघातानंतर हाताचा व्यायाम कंटाळवाणा वाटतो, पण मेथीची जुडी निवडायला तोच रुग्ण तयार होतो.

आवाज: पिंपळाची सळसळ, पाण्याचा हलका आवाज, पक्षी. हे आवाज सौम्य असतात आणि लक्ष ओढून घेत नाहीत. हॉर्न, मिक्सर आणि टीव्ही यांच्या सततच्या माऱ्यातून मेंदूला थोडी उसंत मिळते.

प्रकाश: सकाळचा नैसर्गिक प्रकाश डोळ्यांवर पडला की शरीराचे दिवस-रात्रीचे घड्याळ जुळायला मदत होते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत डुलक्या घेणाऱ्या आणि रात्री जागणाऱ्या वृद्धांसाठी हे महत्त्वाचे आहे.

हालचाल: बागेत जायचे म्हणजे उठणे, चालणे, वळणे, वाकणे आले. बागेच्या फायद्यातला मोठा वाटा या साध्या हालचालीचा आणि चार माणसे भेटण्याचा असतो.

याला पुरावा किती? १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात रॉजर उलरिच यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. २०१९ साली इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीत असे दिसले की, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. ही १२० मिनिटे एकदम घालवली की थोडी थोडी, याने फरक पडला नाही.

पण दुसऱ्या पाहणीतून फक्त संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. ज्यांची तब्येत मुळात बरी आहे तेच बागेत जास्त जात असतील, हेही शक्य आहे. त्यामुळे बाग हा औषधांना पर्याय नाही. रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा नैराश्याची गोळी बागेच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नका.

कोणाला उपयोग होऊ शकतो?

१. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण. बागेत वेळ घालवल्यावर चिडचिड आणि अस्वस्थता कमी झाल्याचे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. गेलेली स्मरणशक्ती मात्र त्याने परत येत नाही. घरच्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, "ओळख बरं, हे कोणतं फूल?" असे विचारू नका. त्याने फिरण्याची परीक्षा होते आणि रुग्ण ओशाळतो. "आई, मोगरा बघ किती फुललाय" असे म्हणून फूल हातात द्या, एवढे पुरेसे आहे. दुसरी, अल्झायमर आणि पार्किन्सन या दोन्ही आजारांत वासाची क्षमता अनेकदा लवकरच कमी होते. वासाला प्रतिसाद मिळाला नाही तर निराश होऊ नका. स्पर्श, ऊन, आवाज वापरून पाहा.

अनेक रुग्णांना संध्याकाळी गोंधळ आणि घाबरेपणा वाढतो. त्यांना सकाळी किंवा दुपार उतरताना बाहेर नेऊन दिवेलागणीच्या आत घरी आणावे.

२. दृष्टी कमी झालेल्या व्यक्ती. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेहामुळे दृष्टी अधू झाली की लोक घराबाहेर पडणे टाळतात. पायाखालची जमीन बदलली, वास बदलला, पाण्याचा आवाज आला, या खुणांवरून बागेत वाट ओळखता येते. थोडी दृष्टी शिल्लक असेल तर झेंडू, कर्दळ, जास्वंद अशी पिवळी, केशरी, लाल फुले हिरव्या पानांवर उठून दिसतात.

३. पक्षाघात आणि पार्किन्सनचे रुग्ण. चालण्याचा आणि तोल सांभाळण्याचा सराव इथे होतो. तो कसा आणि किती करायचा हे फिजिओथेरपिस्टना विचारून ठरवा.

४. स्वमग्न मुले. काही मुलांना स्पर्श आणि हालचाल जास्त हवी असते, तर काहींना थोडासा आवाज किंवा ओले गवतही सहन होत नाही. म्हणून सगळ्या इंद्रियांना एकदम खाद्य देऊ नका. गर्दी नसलेली वेळ निवडा, एक शांत कोपरा हेरून ठेवा. मूल कानांवर हात ठेवू लागले की तिथून बाहेर पडा. त्याला समजूत घालून थांबवू नका.

५. वास गेलेल्या व्यक्ती. कोविड किंवा इतर विषाणूसंसर्गानंतर वास गेला असेल तर 'गंध-सराव' ही सोपी पद्धत वापरली जाते. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, प्रत्येकी सुमारे २० सेकंद, मन लावून घ्यायचे. किमान १२ आठवडे हे चिकाटीने करावे लागते. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही, पण करून पाहण्यात तोटा नाही.

६. रुग्णाची काळजी घेणारे. हा गट सर्वांच्या नजरेतून सुटतो. वर्षानुवर्षे सासूबाईंची किंवा पतीची शुश्रूषा करणारी व्यक्ती स्वतः थकलेली असते. रुग्णाबरोबर बाकावर बसलेली तिची वीस मिनिटेही मोलाची आहेत. त्या वेळात फोन बाजूला ठेवा.

काय सांभाळावे?

मधुमेह आणि अनवाणी चालणे. हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा इशारा आहे. अनेक उद्यानांत गोट्यांची 'ॲक्युप्रेशर' वाट असते, आणि दव पडलेल्या गवतावर अनवाणी चालल्याने नजर सुधारते असाही समज आहे. तुम्हाला मधुमेह असेल आणि पायांना मुंग्या, बधिरपणा किंवा चप्पल निसटली तरी न कळणे असा त्रास असेल, तर अनवाणी अजिबात चालू नका. बधिर पायाला काटा टोचलेला कळत नाही, उन्हात तापलेल्या दगडाचा चटका कळत नाही, आणि लहानशा जखमेतून बोट कापण्यापर्यंत वेळ येऊ शकते. बंद, मऊ बूट आणि मोजे घाला. घरी आल्यावर दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात तपासा. लक्षणे नसली तरी वर्षातून एकदा मोनोफिलामेंटने पायांची संवेदना तपासून घ्या. ही तपासणी दोन मिनिटांची आणि वेदनारहित असते.

दमा आणि ॲलर्जी. पावसाळ्यानंतर सप्तपर्णी फुलते तेव्हा तिच्या उग्र वासाने काही जणांना डोके दुखते, तर दम्याच्या रुग्णांना खोकला आणि धाप लागू शकते. रातराणीचेही तसेच. गाजर गवत म्हणजे काँग्रेस गवत हे त्वचेच्या आणि श्वसनाच्या ॲलर्जीचे नेहमीचे कारण आहे. दमा असेल तर इन्हेलर खिशात ठेवा आणि थंडीत पहाटेच्या धुरकट हवेत जाणे टाळा.

विषारी झाडे. कण्हेर आणि बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर ही झाडे शहरात सर्रास लावलेली असतात. त्यांच्या विषाने हृदयाची लय बिघडते. धोतरा, गुंजेच्या बिया आणि एरंडाच्या बियाही धोकादायक आहेत. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास डोळ्याला इजा होते. लहान मुले आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण हाताला येईल ते तोंडात घालतात, म्हणून त्यांच्यावर नजर हवी. असे काही पोटात गेले तर घरी उलटी करवू नका. त्या झाडाचा तुकडा सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठा. डोळ्यात चीक गेला तर आधी स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा आणि मग डॉक्टरांकडे जा.

चव घेताना. पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंशात गिळायला त्रास होत असेल तर पाने, फळे तोंडात देऊ नका. ती श्वासनलिकेत जाऊ शकतात. वास आणि स्पर्श पुरेसा आहे.

डास. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो. कुंड्यांखालच्या थाळ्या आणि पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून कोरडे करा. छोट्या तळ्यात गप्पी मासे सोडता येतात.

प्रतिकारशक्ती कमी असल्यास. केमोथेरपी चालू असेल किंवा अवयव प्रत्यारोपण झाले असेल, तर माती उकरणे आणि खत कालवणे टाळा. मातीतील बुरशी आणि जंतू अशा व्यक्तींना घातक ठरू शकतात. सावलीत बसायला मात्र सहसा हरकत नसते. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. इतरांनीही मातीत काम करताना हातमोजे वापरावेत आणि धनुर्वाताची लस घेतली आहे ना ते पाहावे.

पडणे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी बाकावरून एकदम उठू नये. आधी सरळ बसून अर्धा मिनिट थांबावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर जाऊ नये. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला जमिनीवरचा गडद पट्टा किंवा गर्द सावली कधी कधी खड्ड्यासारखी दिसते आणि तो तिथेच थबकतो. त्याला ओढू नका. शेजारी उभे राहून हात द्या.

जवळ अशी बाग नसेल तर?

बहुतेक वाचकांची हीच अडचण असेल. तरीही बरेच काही करता येते.

नेहमीच्या उद्यानात: आधी एकट्याने जाऊन या. बसायला सावलीतला बाक, सपाट वाट, स्वच्छतागृह आणि उघडण्याच्या वेळा पाहा. अनेक महापालिका उद्याने दुपारी बंद असतात. मग रुग्णाला नेऊन पहिल्या दिवशी १० ते १५ मिनिटेच थांबा. रोज तीच वाट, तोच बाक ठेवा. ओळखीच्या जागेत मन स्थिरावते.

गॅलरीत: पाच कुंड्यांत पाच इंद्रियांची सोय होते.
• गंधासाठी मोगरा किंवा मरवा
• स्पर्शासाठी पानओवा, म्हणजे ज्या ओव्याच्या पानांची भजी करतात ते जाडसर, लवदार पान
• रंगासाठी झेंडू
• चवीसाठी पुदिना, गवती चहा किंवा कढीपत्ता
• आवाजासाठी छोटा बांबू, आणि जागा असेल तर चिमण्यांसाठी पाण्याचे भांडे

कुंड्या जमिनीवर न ठेवता कमरेच्या उंचीच्या टेबलावर ठेवा. वाकावे लागत नाही आणि खुर्चीतूनही हात पोहोचतो. पाणी घालण्याचे काम रुग्णाकडे द्या. घरात आपल्यावाचून अडणारे एक तरी काम आहे, ही जाणीव आजारी माणसाला फार हवी असते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी: पलंग खिडकीकडे वळवा. एका ताटात तुळशीची मंजिरी, लिंबाची साल, भिजलेली माती, एखादे फूल असे ठेवून एकेक वस्तू हातात द्या. दहा मिनिटे पुरतात. रुग्णाने मान फिरवली तर थांबा.

सोसायटीत किंवा प्रभागात काय मागता येईल?

सोसायटीच्या बागेत थोड्या बदलांनी मोठी सोय होते. वाट दीड मीटर रुंद असेल तर व्हीलचेअर वळते. उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक फूट चढायला किमान बारा फूट लांबीचा उतार हवा. बाकांना पाठ आणि हात असावेत, त्यांना धरून उठता येते. एक-दोन वाफे उंच बांधावेत. वाट गोल फिरून पुन्हा सुरुवातीला येणारी असेल तर विसराळू माणूस अडकून पडत नाही. झाडांची नावे मोठ्या अक्षरांत आणि ब्रेलमध्ये लिहावीत. दिव्यांग व्यक्तींना सार्वजनिक जागा वापरता याव्यात, हा २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याचा भाग आहे. त्यामुळे प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज देताना संकोच करू नका.

डॉक्टरांना कधी भेटावे?

• चालताना छातीत दुखणे, धाप लागणे किंवा चक्कर येणे
• गेल्या काही महिन्यांत एकदा जरी पडणे झाले असेल तर
• पायावरची जखम, फोड किंवा रंगातला बदल, विशेषतः मधुमेह असल्यास
• डोक्याला मार लागल्यानंतर वास जाणे, किंवा एकाच नाकपुडीचा वास जाणे
• स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढणे. यामागे लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणे किंवा औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. तो बागेने बरा होणार नाही.

छातीत दुखायचे थांबत नसेल, किंवा चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे असे अचानक झाले तर वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा.

शेवटी सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आईला काही समजत नसेल तर बागेत नेऊन काय उपयोग? उद्या सकाळी तिला दहा मिनिटे उन्हात बसवा, हातात तुळशीचे पान द्या आणि तिच्या बोटांकडे बघा. बोटे ते पान चुरगळू लागली, किंवा हात आपोआप नाकाकडे गेला, तर परवाही न्या. काहीच झाले नाही, तरी तिला ऊन मिळाले आणि शेजारी तुम्ही होता. तेही वाया गेलेले नाही.